दारावरचं गाव

आमच्या बालवाडीतली चित्रं पाहायची तर खाली बसावं लागे. मोठ्या बाई ती जमिनीपासून जेमतेम दोन वितींवर लावत. ज्यांनी काढली त्यांना ती दिसली पाहिजेत, बाकीच्यांना हौस असेल तर ते वाकतील, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं. पाहुणे येत, उभ्याउभ्या "छान, छान" म्हणत, आणि बाई त्यांच्याकडे नुसत्या बघत राहत. दोन मिनिटांत पाहुणे धोतर सावरत खाली बसलेले असत. एका तपासनीस साहेबांना तर मी रांगत रांगत भिंतीची अख्खी बाजू पुरी करताना पाहिलं आहे. जाताना त्यांनी पँटचे गुडघे झटकले आणि शेरा चांगला दिला.

त्या मोठ्या बाई आणि मी छोट्या बाई. खरी नावं मुलांना ठाऊक नव्हती आणि पुढेपुढे आम्हीही ती एकमेकींसाठी वापरेनाशा झालो. मी तेव्हा अठरा वर्षांची, नुकती मॅट्रिक झालेली, आणि नीटनेटकेपणापेक्षा मोठा गुण जगात नाही अशी माझी खात्री होती. बाईंच्या हाताखाली ती पहिल्या आठवड्यातच डळमळली.

हैदराबादच्या चिक्कडपल्लीतल्या मराठी मंडळींनी आपल्या पोरांसाठी ही बालवाडी काढली होती. एक लांबट खोली, पुढे पडवी, मागे नळ, आणि वर देखरेखीला एक समिती. ते साल राज्यांची नवी मांडणी होण्याचं. हैदराबाद राज्याचे तीन भाग होणार, मराठवाडा मुंबईकडे जाणार, कानडी जिल्हे म्हैसूरकडे, आणि आपलं शहर तेलुगू राज्याची राजधानी होणार, हे ठरल्यातच जमा होतं. नोकरदारांच्या घरी दुसरा विषय नव्हता. कोठीच्या बाजारात भाजी घेतानाही बायका एकमेकींना विचारत, तुमच्या यांचं कुठं लागलं? माझे वडीलही सरकारी कचेरीत कारकून, त्यामुळे आमच्याही घरी पोस्टमनची वाट पाहणं चालू होतं.

बाईंच्या घरी वाट पाहण्यासारखं कुणी नव्हतं. त्या अंबरपेठेत एका खोलीत एकट्या राहत आणि रोज चालत येत, बगलेत पुरुषी काळी छत्री. ऊन असो, पाऊस असो, छत्री रस्त्यात उघडत नसत. ती उघडायची खोलीत. बाईंना राग आला की त्या एक शब्द बोलत नसत, छत्री उघडून तिच्याखाली बसत. मुलांना हे इतकं अंगवळणी पडलं होतं की छत्री उघडली की सगळे हळू आवाजात आपापलं काम करत आणि मिटेपर्यंत कुणी जवळ जात नसे. छत्रीबद्दल गावात नाना गोष्टी होत्या. कुणी म्हणे, रझाकारांच्या दिवसांत बाई तिच्या दांड्यात चिठ्ठ्या लपवून नेत. आमचे चौकीदार खाजामियाँ बाईंना त्या काळापासून ओळखत. त्यांना विचारलं तर ते दाढी कुरवाळत म्हणत, "बाई की बात बाई जाने," आणि विषय संपे.

मुलांशी बोलताना बाई अहोजाहो करत. चार वर्षांच्या पोराला "अहो, आपलं नाक पुसून घ्या" म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ही माणसं पुढची साठ-सत्तर वर्षं या गावात राहणार आहेत, आपण थोड्या दिवसांच्या, तेव्हा आदबीने वागलेलं बरं. महिन्याभरात मीही अहो म्हणू लागले, आणि घरी धाकट्या भावाला एकदा चुकून "अहो, जेवायला चला" म्हटलं, त्यावरून वडिलांनी माझी आठवडाभर फिरकी घेतली.

त्यांच्या कमरेच्या पिशवीत सदैव बिया असत. चिंचोके, सीताफळाच्या, लिंबाच्या, निंबोळ्या. हळदीकुंकवाला गेल्या तरी बोरांच्या बिया मागून आणत. यजमानीणबाईंना ओशाळल्यासारखं होई, बाईंना मुळीच नाही. रंग त्या घरी करत, हळदीचा पिवळा, नीळ घालून निळा, पळसाच्या फुलांचा केशरी. कागद मात्र त्या वर्षी फुकट आणि ढिगाने मिळाला. कचेऱ्यांच्या वाटण्या चालल्या होत्या, जुने उर्दू छापाचे फॉर्म रद्दीत निघत होते, आणि मुलांचे वडील ते गठ्ठ्यांनी आणून देत. पुढून उर्दू रकाने आणि मागून आमच्या पोरांची झाडं, अशी ती चित्रं होती.

आता दाराची गोष्ट. मी लागले त्याच्या दुसऱ्याच महिन्यात बाईंनी खाजामियाँना कामाला लावलं. जवळच एक जुनी देवडी, म्हणजे नवाबी वाडा, पाडत होते, तिथलं सागवानी दार त्यांना हवं होतं. बिचारे खाजामियाँ दोन माणसं लावून ते डोक्यावर घेऊन आले आणि घाम पुसत म्हणाले, "इत्ता बडा दरवाजा कायकू होना बाई? कमरे को तो दरवाजा है." बाईंनी ते दार उभं केलंच नाही. चार ठिकाणी विटा रचून खोलीच्या मधोमध आडवं टाकलं, मुलांच्या पोटाच्या उंचीला, आणि त्यावर चार बोटं काळी माती पसरली. मग मुलांना म्हणाल्या, इथे गाव वसवायचंय.

गावाचे नियम दोनच. पहिला, आधी झाड, मग घर. प्रत्येकाने एक बी लावायचं, ते उगवेपर्यंत घराला हात लावायचा नाही, आणि झाडाला सोडून जी जागा उरेल तिथे घर. आमची घरं त्यामुळे वेडीवाकडी झाली, कुणाची भिंत चिंचेला वळसा घालून जाई, कुणाचं दार लिंबाच्या रोपाआड. रोपं वीतभर झाली की ती तुपाच्या रिकाम्या डब्यांत जात, तिथे मोठी झाली की गल्लीत, आणि दारावर त्याच नावाने नवं बी. दुसरा नियम मुलांना फार जड गेला. स्वतःचं घर कुणी बांधायचं नाही. शेजाऱ्याचं बांधायचं, आणि बांधायच्या आधी त्याच्याकडे जाऊन विचारायचं, तुम्हाला काय पाहिजे?

पहिले चार दिवस नुसता गोंधळ. ज्याला त्याला स्वतःचा वाडा हवा, त्यावर गच्ची, गच्चीवर मोटार. बाई कुणाला रागावल्या नाहीत, छत्रीही उघडली नाही. मोटार बांधली की एवढंच विचारत, हे कुणी मागितलं? हळूहळू पोरं एकमेकांकडे जाऊन विचारू लागली. एका मुलाचा पाय अधू होता, त्याला पायऱ्या नको होत्या. त्याच्या शेजारणीने त्याचं घर उतरत्या मातीने थेट रस्त्याला आणून भिडवलं, मग बाकीच्यांनाही ते आवडलं आणि सगळ्या गावाच्या पायऱ्या गेल्या. खोलीत नवं कुणी आलं की त्यालाही एक घर मिळे, आणि कुणीतरी पोर पुढे होऊन विचारत असे, तुम्हाला काय पाहिजे? दूधवाल्यालाही विचारलं होतं. त्याने म्हशीला सावली मागितली.

भास्कर वकिलांचा मुलगा. त्याच्या वाट्याला रमाचं घर आलं. रमाचे वडील सरकारी छापखान्यात बाइंडर, नांदेडकडचे, त्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. त्यांच्या गल्लीत नळावरून रोज कटकट, रमाच्या आईला घागर घेऊन सगळ्यांचं झाल्यावर उभं राहावं लागे. भास्करने रमाला विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? ती म्हणाली, नळ. त्याने बोरूच्या कांडीचा नळ केला आणि रमाच्या दारात उभा केला. गावात नळ एकच असल्यामुळे सगळं गाव पाण्याला रमाच्या दारी येऊ लागलं. मुलांना त्यात वावगं काही वाटलं नाही, उलट तिथे गर्दी होते म्हणून त्यांनी रमाच्या घरापुढे बसायला दोन दगड ठेवले.

वकिलीणबाई एकदा पोराला न्यायला आल्या तेव्हा त्यांच्या ते ध्यानात आलं. नळ मध्यावर हलवा, असं त्यांनी गोडीने सुचवलं, मग जरा कमी गोडीने. बाई म्हणाल्या, "यांनी मागितला, त्यांनी बांधला. गावाच्या कारभारात मी पडत नाही." भास्कर दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी वकिलीणबाईच त्याला घेऊन आल्या. झाड वाळेल म्हणून पोराने घर डोक्यावर घेतलं होतं. नळ जिथे होता तिथेच राहिला.

रमाची आई कधी आत येत नसे, पडवीतूनच परत जाई. तिला हे सगळं कळल्यावर ती एकदा दारात येऊन उभी राहिली. "बाई, आमची रमी घरी येऊन मला इचारायली, आई, तुला काय पाहिजे," ती म्हणाली. "मला आजवर कुणी इचारलंच न्हाई, मला सांगता येईना काय पाहिजे ते." बाईंनी तिला आत बोलावलं, गावाच्या आडव्या दारापाशी बसवलं, आणि तिच्यापुढे ओली माती ठेवली. त्या दिवशी ती तासभर बसून गेली.

मग नोव्हेंबर उजाडला, राज्याचे भाग झाले, आणि आमचं गाव रिकामं होऊ लागलं. कुणाचे वडील औरंगाबादला, कुणाचे परभणीला. दर आठवड्याला एखादं पोर नवा सदरा घालून निरोप घ्यायला येई. मी नेहमीप्रमाणे व्यवस्थेला लागले. गेलेल्यांची घरं मोडून जागा साफ करावी, असं मी सुचवलं. बाईंनी छत्री उघडली. ती दुपारपर्यंत मिटली नाही. मिटल्यावर म्हणाल्या, घर राहील, झाड राहील, जाणाऱ्याने फक्त पाणी कोण घालणार ते सांगून जावं.

आणि तशी रीत पडली. घरी जायच्या आधी झाडांची हजेरी होई. बाई गावातल्या प्रत्येकाचं नाव घेत, आणि त्याच्या झाडाला ज्याने पाणी घातलं असेल तो "हजर" म्हणे. प्रभाकर परभणीला गेला, त्याचं झाड भास्करकडे, म्हणून भास्कर दोनदा हजर. सुमन जायला निघाली तेव्हा बाईंनी तिला विचारलं, आपल्या झाडाला कोण पाणी घालणार? सुमनने विचार करून सांगितलं, आमच्या घरात जो राहायला येईल तो.

मला वाटलं, झालं, हे झाड वाळणार. त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्यांत कर्नूलहून बदलून आलेलं एक तेलुगू कारकुनाचं कुटुंब उतरलं होतं. बाई दुसऱ्याच दिवशी बगलेत छत्री मारून त्यांच्या दारात. बाईंना तेलुगूचे तीन शब्द येत होते, ते त्यांनी ओळीने म्हटले, अम्मायी, चेट्टु, नीळ्ळु. मुलगी, झाड, पाणी. घरातल्या बाईला आधी वाटलं, ही कुणी नगरपालिकेची. मग आतून साडेचार वर्षांची नागमणी बाहेर आली आणि छत्रीवाल्या बाईंचं बोट धरून चालू लागली, मागून तिची आई तांब्या घेऊन धावत. नागमणीने सुमनच्या झाडाला पाणी घातलं आणि घरी जायला नकार दिला. आठवड्याने तिने शेजारच्या घरातलं पोर आणलं, त्याने आणखी एक. सगळी कुणा ना कुणा गेलेल्याच्या झाडाला पाणी घालायला येत आणि दुपारपर्यंत राहत. समितीच्या नियमात तेलुगू मुलांना प्रवेश नव्हता, म्हणून बाईंनी त्यांची नावं लिहिली नाहीत. पाणी घालायला नियम लागत नाही, असं त्या मला म्हणाल्या.

पट माझ्याकडे होता. पूर्वी तो बाईंकडे असे, पण शेऱ्याच्या रकान्यात त्या "आज हसले", "आज कुणाला तरी पेरू दिला" असं काहीबाही लिहीत, म्हणून समितीने तो माझ्या नीटनेटक्या हाती सोपवला होता. मुलं सकाळी वाटेल तेव्हा येत, तेव्हा मी झाडांच्या हजेरीच्या वेळीच पट भरत असे. भिंतीकडे तोंड करून मेजाशी बसायचं, बाईंनी नाव घ्यायचं, "हजर" ऐकू आलं की खूण करायची. सुमन गेल्यावरही तिचं नाव घेतलं गेलं, हजर म्हटलं गेलं, आणि मी खूण केली. हे नकळत झालं असं म्हणावं तर सुमन गेल्याचं मला ठाऊक होतं. पहिल्या दिवशी टाक थबकला होता. पण बाईंनी नाव काढायला सांगितलं नव्हतं, आणि दुसरं म्हणजे समितीने बजावून ठेवलं होतं की संक्रांतीपर्यंत पटावर वीस मराठी मुलं नसली तर बालवाडी बंद, खोली टायपिंगच्या वर्गाला. मला बालवाडी बंद व्हायला नको होती, हे आता सांगून टाकते. मी मान वर केली नाही आणि खुणा करत गेले.

संक्रांतीच्या आधी समितीचे अध्यक्ष मोजणीला आले. अध्यक्ष म्हणजे निवृत्त तहसीलदार, उंच, ताठ, हातात काठी. पत्नी आधीच गेलेल्या, आणि दोन्ही मुलगे नोव्हेंबरात नव्या राज्यात गेलेले. माणूस सचोटीचा. आयुष्यभर त्यांनी एकच पाप मानलं होतं, जमिनीवर एक आणि कागदावर दुसरं.

त्यांनी पट पाहिला. नावं पंचवीस, पंचवीसही हजर. मग खोलीतली डोकी काठीच्या टोकाने मोजली. वीस. चष्मा लावून ते स्वतःच हजेरी घेऊ लागले. भास्कर? हजर. प्रभाकर? पुन्हा भास्करच, हजर. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. सुमन? कोपऱ्यातून खणखणीत "हजर". त्यांनी जवळ बोलावून नाव विचारलं. नागमणी. पुढचं नाव मनोहर, उत्तर आलं हजर, आणि पोराचं नाव निघालं वेंकटेश्वर्लु. असं शेवटपर्यंत चाललं. मी मेजावरचा टाक उचलून दौतीत ठेवला. मुलांना मात्र मजा वाटत होती, आज नवे आजोबा झाडांची हजेरी घेतायत म्हणून.

अध्यक्षांनी पट मिटला आणि हा खोटेपणा कुणी केला असं विचारलं. मी उभी राहिले. बाईंनी छत्री उघडली. अध्यक्षांसमोर, भर खोलीत. मग मी ती मिटताना पाहिली, इतक्या लवकर मिटलेली पहिल्यांदाच.

"नावं मी घेते म्हणून छोट्या बाई खुणा करतात," बाई म्हणाल्या. "कागद चुकलाय. चूक माझी. दुरुस्त करते."

त्या खाली बसल्या, लाल पेन्सिल घेतली आणि गेलेल्यांची चौदा नावं एकेक करून खोडली. हात कुठे अडला नाही. मग उरलेल्या अकरा नावांखाली, एकेका मुलाला जवळ घेऊन "आपलं नाव काय हो?" असं विचारत, नऊ नवी नावं लिहिली आणि पट अध्यक्षांपुढे धरला. आता खरा होता. अध्यक्षांनी तो नीट वाचला, वीस मराठी मुलं लागतात, वीस मुलं नव्हेत, एवढंच बोलले आणि जायला वळले.

पण नागमणी वाटेत उभी. खोलीत नवा माणूस आला होता आणि त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तिने त्यांच्या धोतराचा सोगा धरला आणि म्हणाली, "तुमाला काय पायजे?"

अध्यक्ष म्हणाले, काही नको. ती हलली नाही. बाई म्हणाल्या, सांगून टाका, त्याशिवाय त्या सोडायच्या नाहीत. अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं, काठी टेकवली आणि कसेबसे त्या आडव्या दाराशी खाली बसले. तिथून त्यांना गाव दिसलं. रिकामी घरं दिसली आणि त्यांच्यापाशी उभी ओली रोपं दिसली. मग त्यांनी नागमणीला तेलुगूत काहीतरी सांगितलं. आम्ही चकित झालो. तीस वर्षं तेलुगू तालुक्यांत काढलेला माणूस, पण समितीत त्यांच्या तोंडून तेलुगूचा शब्द कधी निघाला नव्हता. "अरुगु" हा शब्द ते पुन्हा म्हणाले आणि जमिनीवर तळवा थोपटला. नागमणीने मान डोलावली. मग आमच्याकडे न बघता ते मराठीत म्हणाले, "माझ्या घराला मोठा ओटा आहे. त्यावर बसायला कुणी नाही, असं सांगितलं तिला."

ते गेल्यावर नागमणीने त्यांच्या नावाने एक निंबोळी लावली आणि ती उगवल्यावर कामाला सुरुवात केली. घर काडेपेटीएवढं, आणि त्यापुढे ओटा हा एवढा. ओट्यावर तिने बाईंच्या पिशवीतले चिंचोके ओळीने बसवले, जागा उरेना इतके.

बालवाडी बंद करायचा ठराव झाला. तो अध्यक्षांनीच आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिला, नियम नियमच होता. मी बाईंपुढे रडले, माझ्यामुळे झालं म्हणाले. त्या म्हणाल्या, तुमच्यामुळे चौदा झाडं सारखी हजर राहिली, आता डोळे पुसा आणि डबे गोळा करा. महिनाअखेरीस आम्ही आवराआवर करत होतो तेव्हा अध्यक्ष पुन्हा आले. दार कुठे नेणार, त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, अंबरपेठेला, माझ्या खोलीत अर्धं मावेल.

"ओट्यावर मावतं," अध्यक्ष म्हणाले. "मोजलंय मी. खोली समितीची होती, ओटा माझा आहे."

बाईंनी बगलेत छत्री मारली. मग त्या बाहेर गेल्या आणि भर रस्त्यात, कधी नव्हे ती, छत्री उघडली. मला वाटलं, चिडल्या, पण ती रागाची नव्हती. वाहतूक थोपवायला होती. एका कोपऱ्याला खाजामियाँ, दुसऱ्याला माझे वडील, तिसऱ्याला रमाचे, चौथ्याला नागमणीचे, असं ते दार मातीसकट, घरांसकट, झाडांसकट निघालं. पुढे बाई, मागे वीस पोरं, आणि बाजूने अध्यक्ष, "सांभाळून, डावीकडे नळ आहे" असं सांगत. भाजीबाजारात एकाने ती मिरवणूक भलतीच समजून टोपी काढली. नागमणीने तिथेही थांबून त्याला विचारलं, काय पाहिजे.

मे महिन्यात वडिलांचा औरंगाबादचा हुकूम आला. गावात माझंही घर होतं, रमाने बांधलेलं. तिने विचारलं तेव्हा मी पट ठेवायला कपाट मागितलं होतं, आणि तिने काडेपेटीचा खण करून दिला होता. माझं झाड मी तिलाच सोपवलं. बाईंना काय सांगावं ते सुचत नव्हतं. त्यांच्याइतकं मोठं माणूस मी पाहिलं नाही, हे सांगायचं होतं. ते मी आज सांगते आहे. त्या दिवशी मी फक्त वाकून नमस्कार केला, आणि त्यांनी माझ्या हातात चार निंबोळ्या ठेवल्या.

त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी एका लग्नासाठी कोठीला आले होते. दोनच दिवसांचा मुक्काम. अकराच्या सुमारास रिक्षा करून चिक्कडपल्लीला गेले. अध्यक्षांची गल्ली मला ओळखूच येईना, इतकी सावली झाली होती. दोन्ही बाजूंना कडुनिंब, चिंचा, आणि प्रत्येक बुंध्याशी ओलं आळं. अध्यक्ष वर्षापूर्वी वारल्याचं औरंगाबादला कळलं होतं. ओटा होता. त्यावर दार होतं, दाराभोवती पंचवीस-तीस पोरं मराठी, तेलुगू आणि दखनीत एकदमच भांडत होती. बाई पार वाळल्या होत्या, पाठीला पोक, बाजूला छत्री मिटलेली. पटापाशी रमा बसली होती, दुपारच्या कॉलेजला जायच्या आधी रोज येते म्हणाली. ती मुलांकडे तोंड करून बसली होती, आणि प्रत्येक नावाला मान वर करून मगच खूण करत होती.

झाडांची हजेरी चालू होती. बाईंनी मला पाहिलं की नाही कळलं नाही. त्यांनी नाव घेतलं, "पहिल्या छोट्या बाई?"

"हजर," मी म्हटलं. आणि त्याच वेळी माझ्या कोपराखालून दुसरं "हजर" आलं. एक दोन वेण्यांची मुलगी माझ्याकडे डोळे वटारून पाहत होती. "मी घालते पाणी," ती म्हणाली. "रोज."

मी खजील होऊन बाजूला सरले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढचं नाव घेतलं, "अध्यक्ष?"

कुणी बोललं नाही. त्या झाडाला पाणी घालणारं पोर मागच्या आठवड्यात बंगळूरला गेलं, असं रमाने हळूच सांगितलं. बाईंनी पुन्हा नाव घेतलं आणि या वेळी त्या सरळ माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, बाई, मी दोनच दिवस आहे.

"अहो, मग दोन दिवस घाला," त्या म्हणाल्या.

नळाशी तांब्या ठेवलेला होता. अध्यक्षांचा कडुनिंब ओट्यासमोरच, माझ्या दोन हातांत न मावणारा, त्याला माझ्या पाण्याची गरज नव्हती. मी आळं भरेस्तोवर पाणी घातलं, ओट्यापाशी आले आणि म्हटलं, "हजर."

रमाने मान वर करून मला नीट पाहिलं, आणि मग खूण केली.